हातांचं काय करायचं?

आपल्याला दोन हात आहेत, ही गोष्ट माणसाच्या लक्षात फक्त फोटो काढताना येते. एरवी हे बिचारे दिवसभर मुकाट्यानं राबत असतात. चहाचा कप उचलतात, बसचा दांडा धरतात, चष्मा पुसतात, डास मारतात, आणि ह्यातल्या कशासाठीही आपली परवानगी मागत नाहीत. पण समोरच्या माणसानं डोळ्याला कॅमेरा लावला रे लावला, की ह्याच हातांचं काय करावं ते सुचत नाही. खाली सोडले तर दोरीवर वाळत घातलेल्या विजारीसारखे लोंबतात. मागे नेले तर पोलिसांनी धरून आणल्यासारखं दिसतं. खिशात घातले तर घरातली वडीलधारी माणसं विचारतात, "हा कसला उद्धटपणा?" आणि जोडावेत, तर निवडणुकीला उभं राहिल्याचा संशय येतो.

हा प्रश्न पूर्वी आयुष्यात चार-पाच वेळाच पडायचा. मॅट्रिकच्या वर्गाचा ग्रुप फोटो, लग्न, पासपोर्ट आणि सेवानिवृत्तीचा निरोपसमारंभ. एवढ्यात माणूस सुटायचा. आता तशी सोय राहिलेली नाही. टॉम पीटर्स नावाच्या अमेरिकन व्यवस्थापनपंडितानं १९९७ साली एका मासिकात लेख लिहून जाहीर केलं, की बाजारातल्या मालाप्रमाणे माणूस हाही एक ब्रँड आहे आणि त्यानं स्वतःची जाहिरात स्वतःच करायची आहे. २००३ साली लिंक्डइन सुरू झालं आणि नोकरीच्या अर्जाला चेहरा चिकटला. आता वकील, डॉक्टर, योगशिक्षिका, घरांचे दलाल, सगळ्यांनाच आपला एक 'प्रोफेशनल' फोटो लागतो. तो काढणारा मनुष्य दिवे लावतो, छत्र्या उघडतो, आणि मग जगातला सर्वांत अवघड हुकूम सोडतो : "सर, एकदम नॅचरल राहा!"

आता 'नॅचरल राहा' हा हुकूम 'ताबडतोब झोप' ह्या हुकुमाच्या जातीचा आहे. तो ऐकल्याबरोबर माणूस जागा होतो. मान ताठ होते, खांदे कानांच्या भेटीला निघतात, आणि ओठ असे काही फाकतात की दाताच्या डॉक्टरला आनंद व्हावा. सहज राहायला सांगितलं की सहजपणा जातो. पण हा काही आपल्या पिढीचा दोष नाही. फोटोग्राफी जन्माला आली त्या दिवसापासून हा पेच चालत आलेला आहे.

फोटोत सापडलेला पहिला मनुष्य, असं ज्याला सर्वसाधारणपणे मानतात, तो पॅरिसचा. १८३८ साली लुई दागेर ह्यानं आपल्या खिडकीतून खालच्या हमरस्त्याचा फोटो घेतला. रस्ता गाड्याघोड्यांनी भरलेला होता. पण त्या काळी एका फोटोला काही मिनिटं लागत, त्यामुळे जे जे हलत होतं ते ते पुसलं गेलं. भरदुपारी कर्फ्यू लागल्यासारखा तो रस्ता दिसतो. त्यात एकटा एक गृहस्थ तेवढा उमटला आहे. कारण तो बुटांना पॉलिश करून घेत, एक पाय वर ठेवून, स्वस्थ उभा होता. आपला फोटो निघतो आहे ह्याचा त्याला पत्ता नव्हता. तेव्हा फोटोतला पहिला माणूस अगदी 'नॅचरल' होता. ही परंपरा पुढे टिकली असती तर आज छत्र्या उघडणाऱ्यांची गरजच उरली नसती.

पण पुढच्याच वर्षी, १८३९ साली, अमेरिकेत फिलाडेल्फियाला रॉबर्ट कॉर्नेलियस नावाचा तरुण अवतरला. घरचा धंदा दिव्यांचा आणि झुंबरांचा. ह्यानं दुकानामागच्या आवारात कॅमेरा मांडला, भिंगावरचं झाकण काढलं, समोर जाऊन काही मिनिटं निश्चल राहिला, मग परत येऊन झाकण लावलं. स्वतःच स्वतःचा काढलेला हा फोटो आजही अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये आहे. केस विस्कटलेले, मान किंचित वाकडी, आणि हात? हातांची घडी! आज कुठल्याही कंपनीच्या संकेतस्थळावर गेलात तर व्यवस्थापकीय संचालकापासून नव्या उमेदवारापर्यंत सगळे जी हातांची घडी घालून उभे असतात, ती ह्या कॉर्नेलियसची. त्यानं ती धोरण म्हणून घातली, हात हलू नयेत म्हणून घातली, की उघड्या आवारात थंडी वाजत होती म्हणून, हे सांगायला तो आज नाही.

तेव्हा फोटोतल्या माणसांची घराणी दोन. एक पॅरिसचं, ज्याला आपण दिसतो आहोत हे ठाऊक नाही. आणि एक फिलाडेल्फियाचं, ज्याला ते पक्कं ठाऊक आहे. आपण सगळे दुसऱ्या घराण्यात जन्मलेलो, आणि पहिल्या घराण्यातले दिसावं म्हणून धडपडतो. माझ्या मते फोटोच्या इतिहासाची हीच गोम आहे.

सुरुवातीला ह्या धडपडीला लोखंडाचा आधार होता. ते रूपकानं नव्हे, खरोखरच! गिऱ्हाईक हलू नये म्हणून स्टुडिओवाले त्याच्या मागे एक लोखंडी खांब उभा करीत आणि वरच्या चिमट्यात त्याचं डोकं बसवीत. जुन्या फोटोंत रुबाबदार सरदारसाहेबांच्या दोन बुटांमागे तिसरा एक लोखंडी पाय डोकावतो, तो ह्या खांबाचा. चिमट्यात डोकं अडकवलेला माणूस हसणार कसा? आपले पूर्वज फार गंभीर होते, असं आपण फोटोंवरून समजतो. त्यांचं गांभीर्य पुष्कळदा मानेत होतं.

डोक्याची सोय चिमट्यानं झाली. हातांची सोय चित्रकारांकडून उसनी आणावी लागली. बंडीत हात खुपसून उभं राहण्याची जी ऐट आपण नेपोलियनच्या नावावर जमा करतो, ती मुळात त्याची नव्हे. फ्रान्स्वा निव्हेलाँ ह्या गृहस्थानं १७३७ सालीच इंग्लंडात शिष्टाचाराचं एक पुस्तक काढून सभ्य माणसानं हात कुठे ठेवावा ह्याचे धडे दिले होते, आणि बंडीतला हात त्यात होता. धैर्य आणि विनय दोन्ही त्यातून दिसतात, असा हिशेब. दाव्हिदनं १८१२ साली नेपोलियनला तसं रंगवलं, आणि नंतरच्या फोटोंत वाणी, सावकार, शिपाईगडी सगळेच बंडीत हात घालून उभे राहिले. पोटदुखीचा रोगी आणि सम्राट ह्यांच्यातला फरक अशा वेळी फक्त पोशाखावरून ओळखायचा.

१८५४ साली पॅरिसच्या दिस्देरीनं एकाच काचेवर अनेक छोटे फोटो काढण्याचं पेटंट घेतलं. व्हिजिटिंग कार्डाएवढे हे फोटो स्वस्त पडत आणि लोक ते एकमेकांना वाटत. त्याच वर्षी आपल्याकडे मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. डॉ. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे त्या पहिल्या हौशी फोटोग्राफरांपैकी एक. पुढे गावोगाव स्टुडिओ निघाले, आणि त्यांच्याबरोबर रंगवलेला पडदा आला. पडद्यावर संगमरवरी जिना, जिन्यापलीकडे तळं, तळ्यात हंस. ज्यांच्या उभ्या हयातीत घराला शेणानं सारवलेला ओटा होता, ते पणजोबा ह्या जिन्यापुढे पागोटं घालून, खुर्चीच्या हातांवर हात टेकून, आरोपीसारखे बसलेले दिसतात. पणजीबाईंचे हात पदराखाली. त्यांचा प्रश्न पदरानं सोडवला होता.

आणि 'पर्सनल ब्रँडिंग' म्हणजे काहीतरी नवं, परदेशी आहे असं कुणी सांगू लागला, तर त्याला स्थळासाठी काढलेले फोटो दाखवावेत. आमच्या मध्यमवर्गात शतकभर हाच उद्योग चालला होता! तिपाई, तिच्यावर फुलदाणी, फुलदाणीला हलकेच लावलेला मुलीचा हात, खांद्यावरून पुढे घेतलेली वेणी. मुलगी पदवीधर असली तर हातात पुस्तक. बोलणाऱ्यानं 'गृहकृत्यदक्ष, सुस्वभावी' म्हणायचं आणि फोटोनं त्याला दुजोरा द्यायचा. मुलांसाठी स्टुडिओत खुंटीला एक काळा कोट टांगलेला असे. अंगाला बसत नसला तर पाठीमागे टाचण्या लावत. अशा एकेका कोटानं गावातल्या निदान दोन पिढ्यांची लग्नं जमवली. कोट पुढून साहेबाचा आणि मागून टाचण्यांचा. ब्रँडिंगची ह्याहून नेमकी व्याख्या मला तरी करता येणार नाही.

आता, ही सगळी नुसती थट्टा आहे असं मात्र नाही. फोटोतल्या एका उभं राहण्यावर मोठमोठी कामं अडलेली असतात. अब्राहम लिंकन दिसायला बेढब म्हणून प्रसिद्ध. २७ फेब्रुवारी १८६० रोजी न्यूयॉर्कला कूपर युनियनमध्ये त्याचं भाषण होतं, आणि त्याच दिवशी मॅथ्यू ब्रेडीच्या स्टुडिओत त्याचा फोटो निघाला. ब्रेडीनं पहिली गोष्ट केली ती म्हणजे त्याची कॉलर वर ओढली, म्हणजे लांबलचक मान झाकेल. दुसरी गोष्ट, हात पुस्तकांवर टेकवला. खेडवळ वकील एकाएकी राज्यकर्त्यासारखा दिसू लागला. निवडणुकीत तो फोटो घरोघर पोचला, आणि आपल्या विजयात ब्रेडीचाही वाटा आहे, असं पुढे लिंकनच म्हणाल्याचं सांगतात. त्याच वर्षी ग्रेस बेडेल नावाच्या अकरा वर्षांच्या मुलीनं त्याला पत्र लिहून कळवलं, की तुमचा चेहरा फार बारीक आहे, दाढी ठेवा. त्यानं ठेवली! आजच्या सल्लागारांनी ह्या मुलीच्या नावानं एक दिवा लावायला हरकत नाही. तिनं फीसुद्धा घेतली नव्हती.

पण मला ह्या सगळ्यांत सर्वांत मोठी वाटते ती सोजर्नर ट्रूथ. गुलामगिरीत जन्मलेली, लिहितावाचता न येणारी, पण भाषणांनी सभा हलवून सोडणारी ही काळी बाई स्वतःचे फोटो विकून आपला खर्च भागवी. आपली सावली विकून आपण खऱ्या देहाला पोसतो, अशा अर्थाची ओळ ती फोटोखाली छापी. १८६४ साली तिनं त्या फोटोचा हक्कही स्वतःच्या नावावर नोंदवला. जिच्या देहावरच एके काळी दुसऱ्याचा मालकी हक्क होता, तिनं आपल्या प्रतिमेची मालकी अशी मिळवली! आणि ह्या फोटोत तिच्या हातांत काय आहे? विणकाम. लोकर आणि सुया. बायका फुलदाणीला हात लावीत होत्या, पुरुष न वाचलेल्या पुस्तकांवर हात टेकत होते. हिनं हातांना काम दिलं. तो फोटो बघताना ती कुणाला तरी दाखवण्यासाठी बसली आहे असं वाटतच नाही. दाखवण्यासाठीच बसली होती. पण हात खरे होते.

इकडे फ्रान्समध्ये खऱ्या हसण्याचा शोध चालला होता. डॉ. दुशेन ह्यांनी १८६२ साली एक ग्रंथ छापला. त्यासाठी त्यांनी एका दात पडलेल्या म्हाताऱ्याच्या चेहऱ्यावर विजेच्या तारा टेकवून एकेक स्नायू हलवला आणि त्याचे फोटो काढले. निष्कर्ष असा, की ओठ काय, हुकमाबरोबर वर जातात. पण खऱ्या आनंदात डोळ्यांभोवतीचा जो स्नायू आवळतो, तो आपल्या इच्छेला सहसा दाद देत नाही. डार्विननं आपल्या १८७२ च्या पुस्तकात ह्यांतले काही फोटो वापरले. म्हणजे सहज हसू कसं असतं, हे जगाला शास्त्रशुद्ध कळलं ते विजेचे धक्के देऊन! आजही 'सर, जरा डोळ्यांतून हसा' म्हणणारा फोटोग्राफर दुशेनसाहेबांचाच शिष्य असतो. तारा तेवढ्या त्यानं सोडून दिल्या आहेत.

विसाव्या शतकात देहबोली नावाचं शास्त्रच उभं राहिलं. १९७० साली ज्यूलियस फास्टचं पुस्तक आलं आणि हातांची घडी म्हणजे मनाचं दार बंद, असं लोक एकमेकांना सांगू लागले. त्याआधी १९६७ साली अल्बर्ट मेहराबियन ह्या मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग प्रसिद्ध झाले. त्यांतून शब्द ७ टक्के, आवाज ३८ टक्के आणि चेहरा ५५ टक्के असे आकडे निघाले, आणि आजतागायत प्रत्येक व्याख्याता ते फळ्यावर लिहितो. वास्तविक ते प्रयोग सुट्या शब्दांमागची आवड-नावड ओळखण्यापुरते होते. सगळ्या संभाषणाला हा हिशेब लावू नका, असं स्वतः मेहराबियन सांगत आले. पण ते त्यांनी शब्दांत सांगितलं. सात टक्क्यांकडे कोण लक्ष देतो? आणि हा हिशेब खरा धरला, तर आम्ही लेखकांनी मानधनही सात टक्केच घ्यावं काय?

हातवारे नुसते घोटून काय साधतं, ह्याचा एक दाखला अंगावर काटा आणणारा आहे. १९२५ च्या सुमाराला हिटलर हा आपला फोटोग्राफर हॉफमन ह्याच्यापुढे भाषणातले हातवारे करून दाखवी. मूठ आवळलेली, बोट रोखलेलं, हात छातीशी नेलेला. मग ते फोटो न्याहाळून कुठला हातवारा ठेवायचा आणि कुठला टाकायचा ते ठरवी. हे फोटो छापू नयेत अशी त्याची इच्छा होती. हॉफमननं ते जपून ठेवले आणि मागाहून जगासमोर आणले. आज ते पाहताना पहिल्यांदा हसू येतं. मग ह्या तालमीला किती लोक फसले आणि त्याची किंमत कुणी भरली ते आठवतं, आणि हसू जागच्या जागी थांबतं. आरशापुढे बसवलेला सहजपणा हा नेहमीच निरुपद्रवी असतो असं नाही.

मग उपाय काय? तो तीन उस्तादांनी तीन तऱ्हांनी सांगितला आहे. पहिला यूसुफ कार्श. ३० डिसेंबर १९४१ रोजी कॅनडात ओटावाला चर्चिल त्याच्यापुढे उभे राहिले, तोंडात चिरूट. कार्शनं विनंती केली, चिरूट काही हलेना. तेव्हा त्यानं पुढे होऊन, माफी मागून, तो सरळ तोंडातून काढून घेतला आणि कळ दाबली. एक हात कमरेवर, कपाळावर आठ्या, आता खातो की गिळतो अशी मुद्रा! लोकांना त्यात हिटलरशी झुंजणारा ब्रिटिश सिंह दिसला. वास्तविक तो चिरूट हरवलेला गृहस्थ होता.

दुसरा फिलिप हाल्समन. हा बड्याबड्यांना चक्क उड्या मारायला लावी. १९५९ साली त्यानं ह्या उड्यांचं पुस्तकच काढलं. त्यात रिचर्ड निक्सन उडी मारताहेत, विंडसरचे ड्यूक आणि डचेस बूट काढून जोडीनं उडताहेत. उडी मारताना माणसाचं सगळं लक्ष उडीत असतं, आणि तेवढ्यात चेहऱ्यावरचा मुखवटा खाली पडतो, हे त्याचं तत्त्वज्ञान.

तिसरी मार्गारेट बर्क-व्हाइट. १९४६ साली ती पुण्यात गांधीजींचा फोटो घ्यायला आली. चिटणीसांनी तिला सांगितलं, आधी चरखा चालवायला शिका. शिकली बिचारी! मग फ्लॅशचे फक्त तीन दिवे वापरायची परवानगी मिळाली. पहिले दोन वाया गेले, तिसऱ्यानं काम केलं. तो जगप्रसिद्ध फोटो नीट बघा. पुढे चरखा आहे, मागे गांधीजी कात्रणं वाचताहेत. कॅमेऱ्याकडे त्यांचं लक्षच नाही. निदान तसं दिसतं तरी. चरखा पुढ्यात असणं योगायोगाचं नव्हतं. तो माणूस आपल्या प्रतिमेबद्दल अडाणी नव्हता. पण चरखा त्यांचा रोजचा होता. स्टुडिओच्या खुंटीवरचा नव्हता.

ह्या तिघांचं सार एकच : हातांचं काय करायचं, हा प्रश्नच हातांना पडू द्यायचा नाही. त्यांना काम द्यायचं. आजचे चाणाक्ष फोटोग्राफर हेच करतात. शिंपीणबाईंच्या हातात कात्री देतात, डॉक्टरांना चष्मा पुसायला सांगतात, शरीराचा भार एका पायावर टाकायला लावतात, श्वास सोडायला लावतात, मुलाबाळांची चौकशी करतात. आणि सगळ्यांत लबाड जो असतो तो "झालं हं, आभारी आहे," असं म्हणून माणूस सुटकेनं हसला की नेमकी त्या वेळी कळ दाबतो. म्हणजे फिलाडेल्फियाच्या माणसाला घटकाभर पॅरिसला नेऊन आणायचं. एवढंच काय ते कौशल्य.

ह्याचं महत्त्व नोकरीपुरतंच आहे असं कुणी समजू नये. माणूस गेला म्हणजे घरात फोटो शोधायची वेळ येते. आमची आत्या गेली तेव्हा तिचे दोन फोटो निघाले. एक स्टुडिओतला, शालजोडी पांघरून, हात गुडघ्यांवर. तो कुणालाच पसंत पडला नाही. "ही आत्या नव्हे," असं माझी धाकटी बहीण म्हणाली, आणि सगळ्यांना ते पटलं. दुसरा कुणाच्या तरी मुंजीतला. आत्या पंगतीत वाढते आहे, हातात वाढायची पळी, आणि कुणाला तरी "अजून एक घे" म्हणते आहे. तोंड अर्धवट उघडं, केस सुटलेले, डोळ्यांभोवती दुशेनचा तो स्नायू पुरता आवळलेला. तोच भिंतीवर लागला. कडेला कुणाचा तरी कोपर आला आहे. कापता येईना म्हणून तोही हाराखाली गेला. तो कोपर कुणाचा, ह्यावर घरात अजून एकमत नाही. पण येणारा प्रत्येक जण आत्याकडे बघून पहिल्यांदा तिच्या आमटीची आठवण काढतो. ब्रँड म्हणजे आणखी काय असतं?

राहता राहिला आपला पॅरिसचा गृहस्थ. त्याचं नाव कुणाला ठाऊक नाही, चेहरा धड दिसत नाही, आणि आपण इतिहासात गेलो हे त्याला जन्मात कळलं नाही. जवळजवळ दोनशे वर्षं होत आली, तरी कॅमेऱ्यासमोर त्याच्याइतकं सहज उभं राहणं फार थोड्यांना साधलं आहे. पॉलिश झालं असेल, त्यानं पैसे चुकते केले असतील आणि तो चालू लागला असेल. चालणारी माणसं त्या फोटोत उमटत नव्हती, तेव्हा त्या क्षणी तोही इतरांसारखा नाहीसा झाला. पण तोवर दागेरचं काम झालं होतं.

आणि बुटांचंही.